पिकाची बंदूक

आमच्या आजरा-भुदरगडच्या डोंगरपट्ट्यात बंदुकीला नुसतं बंदूक म्हणत नव्हते, 'पिकाची बंदूक' म्हणायचे. फौजदाराची वेगळी, शिकाऱ्याची वेगळी आणि शेतकऱ्याची वेगळी. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत अशा दोन नाहीतर तीन बंदुका असायच्या. ज्याच्या घरात ती असे त्याला भात पोटरीला आलं की झोप नसायची, कारण शेजारपाजारचे सगळे त्याच्याच दारात येऊन म्हणायचे, "आबा, आज आमच्या खाचराकडनं एक फेरी मारा." बंदूक एकाची, पण राखण सगळ्या वाडीची, असा तो व्यवहार होता.

माझा पुतण्या नव्या दमानं शेती करतो. दोन वर्षांमागं त्यानं माळावर अर्धा एकर हरभरा केला आणि उगवून आल्यावर आठ दिवसांत कडेच्या चार-पाच ओळी सशांनी साफ केल्या. तो मला म्हणाला, "काका, आता एक चांगली बंदूक घेऊया. सशाला कुठली बरी पडंल?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागं जावं लागतं. शेतकऱ्याच्या हातात कुठली बंदूक असावी हे आपल्याकडं शेतकऱ्यानं कधी ठरवलेलंच नाही. ते दर वेळी सरकारनं ठरवलं.

1857 चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 साली लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना हत्यारांचा कायदा आला. तो काळ ध्यानात घ्या. 1876 ते 78 दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडलेला, माणसं खडी फोडायच्या कामावर मरत होती. त्याच्या आदल्या वर्षी, 1875 ला, सुप्याला सावकारांच्या वह्या जाळलेल्या. ज्या 1878 साली हत्यारांचा कायदा झाला त्याच साली देशी भाषेतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदा झाला. आणि लगेच पुढच्या वर्षी, 1879 ला, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड. सरकारला भीती कशाची होती हे यावरून कळतं. रानडुकराची तर नक्कीच नव्हती.

त्या कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी झाली. गोऱ्यांना सूट होती. आपल्या लोकांत कूर्गच्या कोडवा लोकांना सूट मिळाली, ती आजही चालू आहे. त्यांच्याकडं बंदुकीची पूजा करतात. बाकीच्यांनी अर्ज करायचा, वाट बघायची. पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांचं पीक जनावरं खाऊन टाकणार, आणि पीक गेलं तर सारा कुठनं वसूल होणार? म्हणून रानटी जनावरांपासून माणसं, गुरं आणि पीक राखायला वेगळा परवाना ठेवला गेला. 'पिकाची बंदूक' हे नाव असं सरकारी कागदावरनं आमच्या तोंडात आलं.

आमचा भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात. दाजीपूरचं जंगल राजांच्या शिकारीसाठी राखीव होतं. छत्रपतींकडं काळवीट धरणारे पाळीव चित्ते होते, हे आमच्या आज्ज्याच्या तोंडून लहानपणी पुष्कळदा ऐकलंय. जंगल राजाचं, पण जंगलातनं रात्री उतरणारं जनावर मात्र आमच्या भातात. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, कागदावरचा शिक्का बदलला. 1958 ला दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. गवा तोच, डुक्कर तेच आणि खाचरंही तीच राहिली.

आमच्या घरातली बंदूक ठासणीची, एका नळीची. नळीवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, कुणा कारागिरानं बांधलेली असावी. दस्ता शिसवी, आणि आज्ज्याच्या गालाला लागून लागून एका बाजूनं गुळगुळीत झालेला. हल्लीच्या पोरांनी ही बंदूक बघितलेली नसते म्हणून सांगतो. तिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातनं आधी दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, तो गजानं ठासायचा. मग छर्रे किंवा शिशाचे तुकडे, परत बोळा, परत ठासायचं. मागं घोड्याखाली एक बारीक निप्पल असतं, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तिला आमच्याकडं केप म्हणायचे. चाप ओढला की घोडा केपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. धूर असा की पुढचं काही दिसत नाही. जनावराला लागलं का नाही हे धूर विरल्यावर कळायचं.

एक बार काढला की दुसरा भरायला निवांत विडी ओढून होईल एवढा वेळ लागायचा. पावसाळ्यात दारू सर्दावायची, केप नुसतीच 'टक' करायची. आमचे आबा केपांची डबी कनवटीला बांधून ठेवायचे, अंगाच्या उबेत. भात पोटरीला येतं ते भाद्रपद-अश्विनात, म्हणजे बंदुकीची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच पाऊस. आबा म्हणायचे, "हिचा नेम न्हाई उपयोगाचा, हिचा आवाज उपयोगाचा." ते खरंच होतं. शंभर बारातले नव्वद हवेतच. डोंगरात आवाज घुमायचा, कळप खालच्या ओढ्याला जायचा आणि उरलेली रात्र पलीकडच्या वाडीला जागवायचा. तिथला बंदूकवाला मग बार काढायचा. कधीकधी वाटतं, आमची डुकरं आम्ही त्यांच्याकडं आणि त्यांची ते आमच्याकडं, अशी हंगामभर ने-आण चालायची.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. त्यात शेतकऱ्याची बंदूक कुठली हे चक्क लिहून ठेवलंय. तेराव्या कलमात आहे. पीक राखायला खरोखरच हवी असेल तर ठासणीची बंदूक द्यावी. आणि ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर आत आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी वीस इंचांपेक्षा कमी नसलेली, देता येईल. म्हणजे पहिला मान ठासणीला, आणि बारा बोअर पाहिजे असेल तर आधी पटवून द्यायचं की साहेब, आमची डुकरं जास्त दांडगी आहेत. माझ्या एका सोयऱ्यानं असं पटवता पटवता तीन वर्षं घालवली.

बारा बोअर म्हणजे काय हे बंदूक बाळगणाऱ्यांतल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक आणि वीसची त्याहून बारीक. आकडा वाढला की नळी लहान. छर्ऱ्याचंही तसंच उलटं गणित: सहा नंबरचा छर्रा चार नंबरपेक्षा बारीक. ससा, तितर यांना जुने शिकारी सहा नंबर वापरायचे, आणि डुकरासाठी एलजी नाहीतर एसजी, ज्यात मोजकेच मोठे दाणे असतात. ही काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात, 'शक्तिमान' नावाची. छर्रा तीस-पस्तीस मीटरच्या पुढं विखरतो, त्याचा जोर संपतो. शेतात हा त्याचा मोठा गुण. रायफलीच्या गोळीचं तसं नाही. पॉइंट टू टूची रायफल खेळण्यासारखी दिसते, विलायतेत सशाला तीच वापरतात म्हणे, पण तिची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटर जाते. आमच्याकडं दीड किलोमीटरमध्ये दोन वाड्या, एक शाळा आणि पाण्याची टाकी येते.

तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचं जुन्या काळातलं उत्तर असं की सशाला बारा बोअर एकनळी, सहा नंबर छर्रा, वीस-पंचवीस मीटरवरनं, पाठीमागं उतार किंवा बांध बघून. पण उत्तर तिथं संपत नाही.

मुळात ससा म्हणजे कोण? पाळीव पांढरा ससा, पुस्तकातला बिळात राहणारा ससा आणि आमच्या माळावरचा ससा, या तिघांना मराठीत एकच शब्द आहे, त्यानं घोटाळा होतो. आपला रानससा बीळ करत नाही. मानेवर काळा पट्टा असतो. दिवसभर गवतात नाहीतर घाणेरीच्या बुडाला अंगाएवढा खळगा करून गप पडून राहतो, पायाजवळ येईपर्यंत उठत नाही. त्याची पिल्लं जन्मताच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. विलायती ससा जमीन पोखरून गावच्या गाव वसवतो, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी. हा फरक शेतकऱ्याला मोठा आहे. ऑस्ट्रेलियात 1859 साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरियातल्या आपल्या जमिनीवर इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे सोडले. पन्नास वर्षांत सशांनी निम्मा खंड व्यापला. बंदुका झाल्या, विष झालं, पश्चिम ऑस्ट्रेलियात 1901 पासून सहा वर्षं खपून तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपण घातलं. ससे कुंपणाच्या अलीकडं आधीच पोचले होते! शेवटी 1950 ला सशांचा रोग मुद्दाम सोडला तेव्हा कुठं ते पहिल्यांदा मोठ्या संख्येनं कमी झाले. तिथल्या शेतकऱ्याजवळ बंदुकांची वाण नव्हती. बंदुकीनं एक ससा मरतो, ससे कमी होत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आबांचं 'आवाज उपयोगाचा' आठवलं.

आपला ससा कितीही म्हटलं तरी तेवढा नुकसान करणारा नाही. तो कोवळं खातो. हरभरा, भुईमूग, सोयाबीन, उगवून दोन-चार पानांवर असेतो धोका. खोड जून झालं की तो तिकडं बघत नाही. त्याचं काम ओळखायला सोपं: रोपाचा शेंडा इळ्यानं तिरका कापल्यासारखा, आणि आसपास वाटाण्याएवढ्या गोल वाळक्या लेंड्या. माती उकरलेली असली, भुईमुगाच्या शेंगा उपसल्या असल्या, तर ते डुकराचं. बिळाच्या तोंडाशी कणसं ओढून नेलेली असली तर उंदराचं. पुतण्याच्या हरभऱ्यात मी सकाळी जाऊन बघितलं. ससाच होता. पण खालच्या कोपऱ्यातलं जे त्यानं सशाच्या नावावर लिहिलं होतं ते शेजाऱ्याच्या शेळ्यांचं होतं. त्यावर मी जास्त बोललो नाही.

आता कायदा. 1972 साल आमच्या पिढीला दुष्काळाचं म्हणून माहीत आहे, सुकडी आणि मिलोचं. त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात प्राण्यांच्या याद्या केल्या. ससा चौथ्या यादीत, लहान शिकारीत. तेव्हा परवाना काढून सशाची शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीनं ते परवानेच बंद झाले. 2022 ला याद्या परत बदलल्या, तरी परवानगीवाचून ससा मारणं हा आजही गुन्हाच आहे, मग तो तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर असला तरी. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याकडं अर्ज करायची सोय कायद्यात आहे, आणि 2015 ला राज्य सरकारनं रानडुक्कर आणि रोह्यासाठी ती पद्धत थोडी सोपी केली. पण सशासाठी कुणी असा अर्ज केलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही. वाघर लावून ससे धरणारे आणि कुत्री घेऊन माळ हिंडणारे अजून आहेत, त्यांना कुणी अर्ज विचारत नाही हा भाग वेगळा.

पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग छऱ्याची एअरगन घेतो, तिला लायसन लागत न्हाई." लहान एअरगनला परवाना लागत नाही हे खरं, पण गुन्हा बंदुकीचा नाही, सशाचा आहे. शिवाय तिनं ससा नीट मरत नाही, जखमी होऊन झुडपात सडतो. आमच्या आज्ज्यानं ह्याला शिकार म्हटलं नसतं.

बंदूक घरात असण्याची दुसरी बाजूही लिहायला पाहिजे, कारण जुन्या आठवणी लिहिताना लोक ती गाळतात. 1983 च्या दिवाळीनंतर शेजारच्या वाडीत एकजण उसाच्या फडाकडेला राखणीला बसला होता. मध्यरात्रीनंतर पाचोळा वाजला. त्याला काळं, वाकलेलं काहीतरी दिसलं आणि त्यानं बार टाकला. तो त्याचा चुलतभाऊ होता, घोंगडं डोक्यावर घेऊन पाटाचं पाणी बघायला आलेला. नळीत डुकरासाठी शिशाचे तुकडे भरलेले. बैलगाडीतनं गारगोटीकडं नेताना वाटेत तो गेला. दोन्ही घरं एका भिंतीला लागून आहेत आणि आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. ज्याच्या हातनं झालं तो सुटून आला, पण पुढं त्यानं रात्री घराबाहेर पाऊल टाकलं नाही. परसाकडंलासुद्धा कुणीतरी सोबत लागायचं.

त्या वर्षापासून आबांनी आमच्या बंदुकीत शिसं भरणं बंद केलं. नुसती दारू आणि बोळा, म्हणजे आवाजच. वाडीतले हसायचे. "कोरी बंदूक" म्हणून आमचं घर ओळखलं जायला लागलं. पण नुकसान काही वाढलं नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. ऊस, भात होतं तेवढंच होत राहिलं.

आबा गेल्यावर परवाना त्यांच्याबरोबर संपला. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. वारसाच्या नावावर करायला पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली ही बरी गोष्ट. पण निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा जाच आहेच. जमा करणं सरसकट नसावं, कुणाची घ्यायची हे समितीनं ठरवावं असा नियम आहे, पण शेतकऱ्याला नोटीस येते आणि तो गुमान नेऊन देतो. विधानसभेचं मतदान 2019 ला 21 ऑक्टोबरला होतं. आमच्याकडं तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

मी आणि माझ्या भावानं विचार करून अर्ज केला नाही. पुतण्याला ते पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, कोरी का होईना, बंदूक असती तर डुक्कर तरी दबलं असतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. कारण बंदुका कमी झाल्या तशी आमच्या भागात दुसरीच एक खोड शिरली. रात्री खांबावरनं आकडा टाकून बांधाच्या तारेत करंट सोडायचा. बंदुकीचा आवाज तरी होतो, करंटला आवाज नाही. सकाळी डुक्कर पडलेलं सापडतं, कधी म्हैस, कधी गवत कापायला गेलेली बाई. असल्या बातम्या दर हंगामाला वाचतो. हे करणाऱ्यांना मी तोंडावर बोललोय आणि त्यातले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. बॅटरीवरची झटका मशीन वेगळी, तिचा झटका क्षणभराचा असतो, माणूस मरत नाही. तिच्या खालच्या तारेला गवत टेकू देऊ नये एवढं बघावं लागतं.

सशाच्या नुकसानीची भरपाई मागायची तर तीही सोय नाही. सरकारी यादीत रानडुक्कर, हरीण, गवा, रोही, माकड, हत्ती आहेत, ससा नाही. म्हणून गेल्या दोन हंगामांत आम्ही हरभऱ्याला एवढंच केलं. पेरणी माळाच्या कडेपासून दहा पावलं आत घेतली आणि मधल्या पट्ट्यातलं गवत कापून मोकळा ठेवला, कारण मोकळ्यावरनं यायला ससा बिचकतो. पिकाभोवती दोन-अडीच फूट उंचीची जुनी मासेमारीची जाळी लावली, खालची कड मातीत दाबली, कारण तो उडी मारण्याआधी खालनं घुसायला बघतो. उगवणीपासून वीस-बावीस दिवस खोपीत माणूस आणि कुत्रं निजायला. त्यानंतर जाळी काढून गुंडाळून ठेवायची, कारण दाणा धरल्यावर येतात ते पोपट, आणि त्यांना खालची जाळी काय करणार. पोपटांना अजून गोफणच लागते, आणि गोफण मारणारी माणसं आता मिळत नाहीत.